दोरीची बाजू

त्या वर्षी कोरडा वारा सुटला तो थांबेचना. उन्हं वर आली की सुरू व्हायचा आणि दिवस कलेपर्यंत पडवीत रचलेल्या लाकडांना चाटत राहायचा. कातारीने सावलीत ठेवून, वर ओलं गोणपाट टाकून जपलेले ओंडके टोकांकडून उलू लागले. आधी केसासारखी चीर दिसायची, मग त्या चिरेत नख जायला लागायचं. लाकूड कातायच्या चरकावर चढवलेला तुकडा गरागरा फिरायचा, पटाशी लागायची, आणि गोलाई आली आली म्हणेपर्यंत कट्‌ असा आवाज होऊन उभा फाटायचा.

त्या दुपारी असाच एक फाटला. पाळण्याचा दांडा होता. वरचे कंगोरे उतरले होते, मधला फुगवटा तेवढा राहिला होता. कातारीने पटाशी बाजूला ठेवली, फाटका दांडा चरकाच्या टोकांमधून उपसला आणि समोर बसलेल्या बायकोच्या नडगीवर फेकून मारला.

"दोरी हिसडतेस," तो म्हणाला. "सांगून सांगून जीभ झिजली. सारखी ओढ म्हटलं ना?"

ती दोरीच्या बाजूला बसली होती. त्यांच्या चरकाला दोन बाजू होत्या. एका बाजूला तो बसायचा, पाय आडव्या दांडीला रेटून, पटाशी दोन्ही हातांत धरून. समोरच्या बाजूला ती. चरकाला वेढा दिलेल्या चामड्याच्या दोरीची दोन टोकं तिच्या हातांत असायची. एकदा उजवं ओढायचं, एकदा डावं. लाकूड पुढे फिरलं की तो पटाशी टेकवायचा, मागे फिरलं की उचलायचा. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या बाजूला बसत होती. इतरांनी मोटरवर चालणारे चरक बसवले तरी कातारीने आणला नाही. मोटरला लाकूड कळत नाही, म्हणायचा. बायकोला कळतं, असं मात्र कधी म्हणाला नाही.

तिने नडगी चोळली. टेंगूळ वर येत होतं.

"लाकूडच उललंय," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. दुसरं चढवा."

त्याने दुसरा तुकडा चढवला. तिने तळव्यांना लाकडाचा भुसा चोळला आणि दोरी धरली. एवढ्यात दाराशी लेक उभी राहिली.

भर उन्हात चालत आली होती. ओठ सुकून पांढरे पडले होते. डावा हात फडक्यात गुंडाळून पोटाशी धरला होता, तान्हं मूल धरावं तसा.

"कशी आलीस गं?" आई म्हणाली. "एकटीच?"

लेक आत आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. या लेकीचा रंगातला हात सगळ्या कातारांत नावाजलेला. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून ती अशी रेघ ओढायची की सुरू कुठे झाली नि संपली कुठे ते दिसायचं नाही. पिवळ्यावर लाल, लालवर काळा असे थर चढवून मग टोकदार सळईने वरचा रंग खरवडून खालची वेल बाहेर काढायची. लग्न झालं तेही बापाकडे काम शिकायला राहिलेल्या तरुणाशीच. बाजाराच्या टोकाला त्याचं स्वतःचं दुकान होतं. मोटर होती.

"हाताला काय झालं?" कातारीने विचारलं.

"लाख सांडली."

आईने फडकं सोडायला सुरुवात केली. शेवटचा वेढा चिकटला होता. तो निघाला तसं लेकीने दातांमधून स्स केलं आणि आईचा हात थबकला.

मनगटापासून कोपरापर्यंत लाखेच्या तीन रेघा होत्या. लाल. कातडीत रुतून बसलेल्या, कडेने फोड उठलेल्या. रेघांमधलं अंतर अगदी सारखं होतं.

"सांडलेली लाख अशी बसत नाही," आई म्हणाली.

लेक जमिनीकडे बघत बोलली. उन्हामुळे लाख नरम पडते. दांड्यावर चढवली की ओघळते. पाळण्याचं सगळं काम डागाळलं. तो म्हणाला, मुद्दाम करतेस. ती म्हणाली, संध्याकाळी गारवा आला की करू. तर त्याने शेगडीवर कांडी धरली, तिचा हात मांडीखाली दाबला आणि म्हणाला, बघ, रेघ कशी ओढतात ते.

कातारी वाकून रेघा बघत होता. बराच वेळ बघत होता. त्याच्या डोळ्यांनी आधी कारागिराचं काम केलं. हात कुठेही थरथरला नव्हता. मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बघतोय, आणि त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. भिंतीला टेकवलेली लाकडी मोगरी त्याने उचलली.

"अहो," बायको म्हणाली, "कुठे निघालात?"

"त्याचा हात मोडायला."

 ती तेलाची वाटी आणायला आत गेली.

तो गेल्यावर तिने लेकीच्या तोंडात फडक्याचा बोळा दिला, रेघांवर कोमट तेल सोडलं आणि नखाने लाख उकलायला घेतली. कपची निघाली की तिच्याबरोबर कातडी यायची. लेकीचे पाय जमिनीवर घासत राहिले. शेवटची रेघ कोपराजवळची होती. तिथे लेकीला भोवळ आली, आणि ते एक बरंच झालं, आईने तेवढ्यात ती पूर्ण काढून घेतली.

जावयाच्या दुकानात मोटर चालू होती. दारात एक सुतार पलंगाच्या पायांसाठी थांबला होता, लाकडाच्या ढिगावर बसून सुपारी कातरत होता. कातारी आत शिरला तसं जावयाने मान वर केली.

"या मामा," तो म्हणाला. "ती पोचली ना नीट? ऊन फार आहे."

"हात दाखव."

"कोणता?"

"रेघा ओढल्यास तो."

जावयाने पटाशी खाली ठेवली आणि उजवा हात पुढे केला. "हा घ्या. तुम्हीच बसवलेला."

कातारीने मोगरी त्या हाताच्या कोपरावर घातली. सुकलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. जावई ओरडला नाही, आ वासून उभा राहिला, मग हात छातीशी धरून गुडघ्यावर आला. दुसरा फटका त्याच्या खांद्यावर बसला. तिसऱ्याला त्याने डोकं खाली घालून कातारीच्या पोटात धडक दिली आणि दोघं भुशात पडले. सुतार सुपारी तशीच तोंडात धरून उभा राहिला. "अरे, अरे," एवढंच म्हणत राहिला.

जावई तरणा होता. एका हाताने त्याने म्हाताऱ्याची मान दाबून धरली आणि त्याच्या तोंडाशी तोंड आणून बोलायला लागला. पडताना फुटलेल्या त्याच्या नाकातलं रक्त कातारीच्या गालावर ठिबकत होतं.

"मामींना मारायचात तेव्हा मी कुठे असायचो? तुमच्या पाठीमागेच बसलेला असायचो ना? पटाशीच्या मुठीने त्यांची फासळी मोडलीत. मी उठलो तर काय म्हणालात? बस खाली, घरातलं आहे! म्हणालात का नाही? मग हेही घरातलंच आहे की!"

"फासळी?" कातारी घुसमटत म्हणाला. "कधी?"

त्याला खरंच आठवत नव्हतं.  ते ऐकून जावयाला काय झालं कोण जाणे, त्याने म्हाताऱ्याला गचांडी धरून उठवलं आणि चरकावर ढकलून दिलं. कातारीने आधारासाठी उजवा हात टाकला तो फिरत्या पट्ट्यावर पडला. पट्ट्याने हात चाकाखाली ओढून नेला.

सुताराने खटका बंद केला तेव्हा मोटर घुं घुं करत अडकून पडली होती. पट्टा सुरीने कापावा लागला.

दवाखान्यात दोघांना एकाच बाकावर बसवलं. मध्ये सुतार बसला, पुन्हा जुंपायला नको म्हणून. एकाचं कोपर टरारून फुगलं होतं, दुसऱ्याचा हात रक्ताळलेल्या फडक्यात होता. मलमपट्टी करणारा माणूस आला, दोघांकडे बघून म्हणाला, "एकाच यंत्रात सापडलात की काय?"

"हो," सुतार म्हणाला. "एकाच."

कातारीची दोन बोटं काढावी लागली. अंगठा राहिला, पण तो वळेल असं कोणी सांगेना.

सुताराने त्याला गाडीत घालून घरी आणलं. दारात उतरल्यावर तो बायकोला म्हणाला, "मोडला त्याचा हात."

तिने त्याच्या पट्टीकडे पाहिलं, काखेत हात घालून आत नेलं, उशी दिली. पाणी पिऊन झाल्यावर तो वर छताकडे बघत म्हणाला, "तुझी फासळी मोडली होती?"

"हो."

"कधी?"

"पोर पहिल्यांदा रंगाला बसली त्या वर्षी. दोरी ओढताना कटकट वाजायची."

"सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? तुम्हाला?"

तो भिंतीकडे कूस करून पडला.

पुढचे दिवस वाईट गेले. हात ठणकायचा. नसलेली बोटं जास्त ठणकायची. डाव्या हाताने घास नीट तोंडात जायचा नाही, ताटाबाहेर सांडायचं, मग तो ताटच भिरकावून द्यायचा. बायको गोळा करायची आणि दुसरं वाढायची. एकदा ताट लेकीच्या कपाळाला लागलं.  तिच्या हातावरचे फोड फुटून आता तिथे गुलाबी, चकचकीत कातडी धरत होती. ती आणि आई चरकाजवळ बसून आधी कातून ठेवलेल्या दांड्यांवर रंग चढवत होत्या. आई दोरी ओढायची, लेक कांडी टेकवायची. लाखेचा वास घरभर सुटला की लेकीचे हात आखडायचे. मग आई दोरी थांबवायची. थोड्या वेळाने लेकच म्हणायची, "ओढ."

आणि एका दुपारी जावई आला. हात गळ्यात अडकवलेला, दाढी वाढलेली, धुतलेले कपडे. दारातच चपला काढल्या.

"मामा, कसा आहे हात?"

"आहे," कातारी म्हणाला. मग थोडं सरकून खाटेवर जागा केली. "बस. तुझा?"

"डॉक्टर म्हणतो सरळ होणार नाही. वाकडाच राहील."

"शेकत जा."

"शेकतो."

दोघं खाटेवर शेजारी शेजारी बसले. वाऱ्याबद्दल बोलले, फाटणाऱ्या लाकडांबद्दल बोलले. कुणाला वाटलं असतं एकाच अपघातातून वाचलेले दोन सोबती गप्पा मारतायत. शेगडीपाशी बसलेल्या दोघी सगळं ऐकत होत्या. लेक लाल लाखेची कांडी निखाऱ्यावर नरम करत होती, तिने ती आईच्या हातात दिली आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"दुकान बंद पडलंय," जावई म्हणाला. "पटाशीला एक माणूस ठेवतो, पण रंगाला कोण? तिच्याशिवाय काम उठणार नाही, मामा. चूक झाली. डोकं फिरलं होतं. उन्हाने कुणाचं फिरत नाही?"

कातारीने आपल्या पट्टीकडे पाहिलं.

"घेऊन जा," तो म्हणाला. "नवरा-बायकोत व्हायचंच. तिचं घर तेच आहे."

लेकीने बापाकडे पाहिलं. ज्या माणसाने तिच्यासाठी मोगरी उचलली होती तो हाच का, ते ती शोधत होती.

आई उठली. कांडी हातात तशीच होती, टोकाशी मऊ, तिचा धूर निघत होता.

"नेशील," ती जावयाला म्हणाली. "आधी हात पुढे कर. चांगला आहे तो. एकच रेघ ओढू दे. न हलता बसलास तर घेऊन जा."

जावई हसला. मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. "मामा, सांगा यांना काहीतरी."

"ठेव ती कांडी खाली," कातारी म्हणाला.

"एकच म्हणतेय मी. तिने तीन सोसल्या."

"वेड लागलंय तुम्हाला," जावई उठला. "चल गं, ऊठ." तो वाकून लेकीला दंडाला धरून उठवायला गेला, पण ती अंग चोरून मागे सरली आणि त्याची बोटं तिच्या जळक्या हातावर पडली. नवी कातडी सोललेल्या सालीसारखी मागे सरकली. लेक किंचाळली.

आईने कांडी त्याच्या हाताच्या पाठीवर दाबली. त्याने हात ओढला तर तीही त्याच्याबरोबर गेली, भिंतीपर्यंत, आणि भिंतीला रेटून तिने कांडी तशीच धरून ठेवली. कातडी चरचरली. तो लाथा मारत होता, तिच्या पोटावर, गुडघ्यांवर, आणि गुरासारखा ओरडत होता. कांडी हातात तुकडे होऊन पडली तेव्हाच ती बाजूला झाली. तो दारातून धावत सुटला. चपला तिथेच राहिल्या. लेकीने त्या एकेक करून त्याच्यामागे उकिरड्यावर भिरकावल्या.

कातारी खाटेवरून उठला होता.  डावा हात वर गेला.

"घरात आलेल्या माणसाला..."

लेक मध्ये आली. "मारा बाबा," ती म्हणाली. "मारा तिला. लहानपणी तुम्ही मारायला लागलात की मी डोळे मिटून घ्यायचे. आज उघडे ठेवते. मला बघू दे."

त्याने लेकीला कोपराने बाजूला सारलं आणि मारलं. सवय नसलेल्या हाताचा फटका, बायकोच्या कानाच्या वर लागला. केस विस्कटले, बाकी काही झालं नाही. ती एक पाऊलसुद्धा मागे सरली नाही. तिने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं, जणू एवढंच होतं का, असं. मग तिने हात उचलला.

आयुष्यभर दोरी ओढलेला हात होता तो. त्या घरात तिच्या खांद्याएवढं बळ कुणाच्याच खांद्यात नव्हतं, हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं, तिनेही नाही. उघड्या पंजाची एकच बसली, आणि कातारी खाटेवरून उलटा होऊन पलीकडच्या ओंडक्यांच्या ढिगावर आदळला. ढीग ढासळला. पट्टी बांधलेला हात त्याच्या अंगाखाली आला. तो रडायला लागला. आवाज न करता नाही, मोठ्याने, नाक वाहेपर्यंत.

दोघी जणी उभ्या राहून बघत होत्या. बायकोच्या छातीचा भाता चालला होता. हाताचा तळवा लालबुंद झाला होता, तो तिने कपड्याला पुसला.

"मेले का मी?" तो जमिनीवरून म्हणाला. बायकी बोलला होता ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

लेकीला हसू फुटलं. आधी दाबलं, मग दाबवेना. तोंडावर हात धरून ती खाली बसली आणि हसता हसता हुंदके द्यायला लागली.

बायकोने त्याला उठवलं. खाटेवर बसवलं. पट्टी सुटली होती, रक्त येत होतं. तिने कोमट पाणी आणून जखम धुतली, नवं फडकं फाडून बांधलं. बांधताना जरा जास्तच आवळलं.

"सैल कर," तो म्हणाला.

तिने सैल केलं.

"पुन्हा हात उचललात," ती गाठ मारत म्हणाली, "तर दुसराही हात बांधायची वेळ आणीन. आणि पोर कुठे जाणार नाही."

 ती उठली, ढासळलेले ओंडके परत रचले आणि चरकापाशी जाऊन पटाशीच्या बाजूला बसली. नुसती बसून बघितलं. तिथून दार दिसायचं, दारातला उजेड दिसायचा. दोरीच्या बाजूला बसून तिला आजवर फक्त भिंत आणि नवरा दिसत आला होता.

काम लगेच जमलं असं नाही. समोरून बघून तिला सगळं उलट माहीत होतं. पटाशी कोणत्या कोनात लागते ते कळायचं, पण उजवं-डावं फिरायचं. पटाशी घुसायची, लाकडाचा टवका उडायचा. एक कपची उडून तिच्या भुवईत रुतली, लेकीने ती दातांनी काढली. दोरी लेक ओढायची. जळका हात फडक्यात गुंडाळून ओढायची, आणि संध्याकाळी फडक्यावर पाणी उतरलेलं असायचं. फुकट गेलेल्या दांड्यांचा ढीग चुलीशी लागला.

कातारी खाटेवरून बघायचा. त्याला सहन व्हायचं नाही. "मूठ खाली घे. खाली! आडवी कशाला धरतेस, ती काय काठी आहे?" तिने पहिल्यांदा ऐकून सोडलं. नंतर एकदा लेकीला खूण करून दोरी थांबवली आणि पटाशी मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. तो गप्प बसेपर्यंत तशीच बसली. मग दोरी पुन्हा सुरू झाली. काही वेळाने तिने मूठ खाली घेतली. लाकूड सालीसारखं लांब, न तुटता सुटत गेलं. 

त्यानंतर तो पडवीत बसायला लागला. डाव्या हाताने ओंडके उचलून उन्हाकडे धरायचा, टोकावर थुंकी लावून चीर बघायचा. उललेले एकीकडे, चांगले एकीकडे. चांगले निवडलेले आपणच दाराच्या आत सरकवून ठेवायचा. चेहरा मात्र आंबलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचा नाही. जावई समोरच्या रस्त्याने गेला तर मान खाली घालायचा, आणि जावईही, दोन्ही हात अंगरख्यात लपवून, भराभर पुढे जायचा.

वारा पडला तेव्हा सुतार आला. पाळण्याचे दांडे कुठे होतात का, विचारत दारोदार फिरत होता. पडवीत कातारीला बघून थांबला, त्याच्या तीन बोटांकडे बघायचं टाळत म्हणाला, "काय भाऊ, बरं आहे ना? कातारी कुणी मिळेल का? काम होतं."

आतून दोरीचा सारखा, न हिसडता येणारा आवाज येत होता. लाखेचा वास येत होता. कातारीने हातातला ओंडका चांगल्यांच्या बाजूला ठेवला.  आधी खाकरला, मग पडवीखाली थुंकला.

"आहे," तो म्हणाला. "आत आहे. हातातलं संपलं की येईल. बस."